दोन खोल्यांचा आदेश : खानापूर तालुक्यातील एका संरक्षण अर्जाचा अभ्यास

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि त्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात, एवढे आता तालुक्याच्या ठिकाणीही बहुतेकांना ऐकून माहीत असते. मात्र ‘सामनेवाल्यांनी अर्जदारास त्रास देऊ नये’ एवढ्याच शब्दांत मिळालेला आदेश त्या बाईच्या फारसा कामी येत नाही. कोणत्या दारातून, कोणत्या रस्त्यावर आणि कोणाकडून धोका आहे हे नाव-जागेसह लिहिलेला आदेशच तिला पोलीस ठाण्यात दाखवून वापरता येतो. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका प्रकरणाच्या आधारे हा फरक मी येथे मांडणार आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि सारख्या प्रकरणांतल्या काही गोष्टी यात एकत्र केल्या आहेत. नावे कोणाचीच दिलेली नाहीत. ज्या बाईने अर्ज केला तिला अर्जदार आणि ज्यांच्याविरुद्ध केला त्यांना सामनेवाले असेच म्हटले आहे.

घर आणि धंदा

विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायासाठी देशभरातल्या सराफ पेठांत जाऊन राहिली आहेत. खाली दुकान आणि भट्टी, वर एखादी राहती खोली, गावाकडे आई-वडील आणि शेती, आणि यात्रेला किंवा दिवाळीला सगळे गावी, अशी या घरांची घडी असते. या घडीत सुनेचे स्थान नवऱ्याच्या सोयीने ठरते : काही वर्षे ती परराज्यात त्याच्याबरोबर असते, मग मुलांच्या शाळेचे कारण सांगून तिला गावी सासू-सासऱ्यांकडे ठेवले जाते. हिंसाचार एका राज्यात, राहणे दुसऱ्या राज्यात आणि दागिने तिसऱ्याच्याच ताब्यात, असे तुकडे त्यामुळे पडतात. कायद्याची वाट धरताना ते जोडून दाखवावे लागतात.

अर्जदाराचे माहेर तासगाव तालुक्यात. शिक्षण बारावीपर्यंत. २०१२ साली लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर तमिळनाडूतील एका शहरात गेली, तिथेच मुलगी आणि नंतर मुलगा झाला. पहिली काही वर्षे बरी गेली असे तिने स्वतःच सांगितले आणि ते अर्जातही तसेच लिहिले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण पहिल्या दिवसापासून सगळे वाईटच होते असे लिहिलेल्या अर्जावर उलटतपासात एका लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोनेही पाणी पडते. धंद्यात उधारी अडकली, नवऱ्याचे पिणे वाढले, आणि मग मारहाण सुरू झाली. घरखर्चाचे पैसे मोजून मिळू लागले. लग्नात माहेरून आलेले गंठण, पाटल्या आणि मुलीच्या बारशाचे दागिने ‘पुढच्या वर्षी करून देतो’ म्हणत भट्टीत गेले. एकदा भांडणात त्याने तेजाबाची बाटली उचलून ‘तोंडावर ओततो’ अशी धमकी दिली आणि त्या झटापटीत तिच्या मनगटावर भाजल्याची जखम झाली.

त्या रात्रीच्या दवाखान्याच्या कागदावर ‘काम करताना अपघाताने भाजले’ अशी नोंद आहे. डॉक्टरांशी बोलला नवरा. अर्जदाराला तिथली भाषा येत नव्हती आणि तिला कोणी काही विचारलेही नाही. पुढे हाच कागद सामनेवाल्यांनी तिच्याविरुद्ध वापरला.

२०२२ च्या दिवाळीनंतर नवऱ्याने तिला आणि मुलांना गावी सोडले. सासरचे जुने घर पुढे आणि त्याच्या मागे स्वतंत्र दाराच्या दोन स्लॅबच्या खोल्या अशी घराची रचना आहे. अर्जदार मुलांसह मागच्या खोल्यांत राहू लागली. विजेचे मीटर आणि मेन स्विच मात्र पुढच्या घरात, आणि पाण्याचा नळ अंगणात, सासूच्या खिडकीखाली. नवरा फोनवरून ‘तिला पैसे देऊ नका’ म्हणाला की इकडे गॅसची टाकी काढून नेली जाई, रात्री वीज बंद होई, दीर दारात उभा राहून ‘वहिनी, माहेरी जावा गुमान, न्हाईतर उचलून टाकीन’ असे सांगे. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवरा गावी आला असता त्याने तिला अंगणात, मुलांच्या देखत मारले. तिने ११२ क्रमांकावर फोन केला, गाडी आली, ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली, आणि या वेळी डॉक्टरांना तिने स्वतः, मराठीत, ‘नवऱ्याने मारले’ असे सांगितले. पोलीस ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३२३, ५०४ आणि ५०६ खाली अदखलपात्र नोंद झाली. (१ जुलै २०२४ नंतरची अशी घटना भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२), ३५२ आणि ३५१ खाली नोंदवली जाईल.)

या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांनी त्याच वेळी तिला सांगायला हवे होते की, ती न्यायालयात संरक्षणासाठी अर्ज करू शकते, संरक्षण अधिकाऱ्याची (या कायद्याच्या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची) मदत घेऊ शकते, आणि तिला मोफत वकील मिळू शकतो. तिला नोंदीची प्रत मिळाली आणि ‘घरातलं आहे, बसून मिटवा’ हा सल्ला मिळाला.

बैठक

मिटवण्यासाठी भावकीची बैठक झाली. गावातल्या चार वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे हात उचलणार नाही, दरमहा घरखर्च पाठवीन’ असे लिहून दिले. अशा कागदाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. कोणी त्याला न्यायनिवाडा समजते, कोणी रद्दी. माझे मत असे की, संरक्षण म्हणून तो कागद निरुपयोगी आहे, कारण तो मोडल्याबद्दल कोणालाही शिक्षा होत नाही आणि कोणताही पोलीस त्याच्या आधारे दारात येऊन उभा राहत नाही. पुरावा म्हणून मात्र त्याचे मोल मोठे आहे. ‘यापुढे’ या शब्दातच यापूर्वी हात उचलल्याची कबुली असते, आणि खाली त्याची सही असते. अर्जदाराच्या भावाने मूळ कागद स्वतःकडे ठेवला होता. बहुतेक वेळा तो सासरच्या एखाद्या ज्येष्ठाच्या कपाटात जातो आणि पुन्हा सापडत नाही.

लिहून दिलेला शब्द दोन महिनेही टिकला नाही. संरक्षण अधिकारी नावाचे पद असते आणि त्यांच्याकडे जाता येते, हे अर्जदाराला गावच्या अंगणवाडी सेविकेने सांगितले.

घटनेचा अहवाल

संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरतात. त्याला सगळीकडे डीआयआर (डोमेस्टिक इन्सिडेंट रिपोर्ट) म्हणतात. २००६ च्या नियमांतील नमुना १ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक हिंसाचाराचे वेगळे रकाने आहेत. अर्जदाराबरोबर तिचा धाकटा भाऊ आला होता आणि ‘आक्काला धड बोलता येत नाही, मी सांगतो’ म्हणून तोच उत्तरे देऊ लागला. संरक्षण अधिकाऱ्यांनी त्याला आदराने बाहेर बसवले आणि मगच लैंगिक हिंसाचाराच्या रकान्यातले प्रश्न विचारले. तिने जे सांगितले ते भावासमोर तिने कधीच सांगितले नसते. असे आरोप उघड न्यायालयात वाचले जातील या भीतीने अनेक जणी तो रकाना कोरा ठेवतात; कलम १६ प्रमाणे परिस्थिती पाहता गरज वाटली आणि पक्षकाराने तशी इच्छा सांगितली तर न्यायदंडाधिकारी कामकाज बंद खोलीत चालवू शकतात, हे त्यांना आधी कोणीतरी सांगितले पाहिजे.

अहवालात धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहिले गेले. ‘दिराने जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य कोणत्याही अर्जात असते आणि म्हणूनच ते कोणाला खरे वाटत नाही. दिराचे शब्द, दार, वेळ आणि त्या वेळी अंगणात कोण होते, हे लिहिले की वाचणाऱ्याला ती जागा दिसू लागते.

कायद्याने हा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारात घ्यायचा असतो, पण अहवाल नाही म्हणून अर्ज अडत नाही. प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी या प्रकरणात १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. ज्या तालुक्यात संरक्षण अधिकाऱ्यांकडे दोन-तीन तालुक्यांचा भार आहे आणि त्यांची भेटच होत नाही, तिथल्या बाईने त्यांची वाट पाहत धोक्यात राहण्याचे कारण नाही. ती वकिलामार्फत किंवा स्वतःही या कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज थेट न्यायालयात देऊ शकते. वकील मोफत मिळण्यासाठी तिला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री असणे एवढाच निकष पुरेसा आहे.

कोणाविरुद्ध आणि कुठे

माहेरच्यांनी सामनेवाल्यांची सात जणांची यादी आणली होती. नवरा, सासू, सासरे आणि दीर यांच्याबरोबर पुण्यात राहणारी विवाहित नणंद, तिचा नवरा आणि लग्न जमवणारे मामा यांचीही नावे त्यात होती. चर्चेअंती शेवटची तिन्ही नावे वगळली. नणंदेने फोनवर दोनदा अपशब्द वापरले होते हे खरे, पण तिला प्रत्येक तारखेला विट्याच्या न्यायालयात बोलावून अर्जदाराच्या सुरक्षिततेत काहीच भर पडत नव्हती. उलट मूळ आरोपांवरचा विश्वास पातळ झाला असता आणि नोटीस बजावण्यातच महिने गेले असते. राग सगळ्यांवर असतो आणि तो रास्तही असतो. तरी ज्याच्या वागण्याला न्यायालयाने बांध घालावा अशी खरोखर गरज आहे, त्यालाच सामनेवाला करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सासूविरुद्ध असा अर्ज चालतो का, ही शंका अजूनही काढली जाते. मूळ कायद्यात सामनेवाला म्हणजे ‘सज्ञान पुरुष’ अशी व्याख्या होती. हिरल हरसोरा प्रकरणात ६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. तथापि कलम १९ च्या परंतुकानुसार कोणत्याही स्त्रीला सामाईक घरातून, म्हणजे अर्जदार कौटुंबिक नात्याने जिथे राहते त्या घरातून, बाहेर काढण्याचा आदेश देता येत नाही. त्यामुळे ‘सासूस घराबाहेर काढावे’ अशी मागणी लिहिणे म्हणजे नामंजुरी ओढवून घेणे होय.

दुसरी शंका अधिकारक्षेत्राची होती. भाजण्याची घटना तमिळनाडूत, मग अर्ज विट्यात कसा? कलम २७ प्रमाणे अर्जदार कायम किंवा तात्पुरती जिथे राहते, जिथे नोकरी करते, सामनेवाला जिथे राहतो किंवा जिथे घटना घडली, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो, आणि मिळालेला आदेश भारतभर लागू असतो. तेजाबाची घटना जुनी होती म्हणून मुदतीचा आक्षेपही पुढे आला, पण कामाक्षी विरुद्ध लक्ष्मी नारायणन या १३ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम १२ च्या अर्जाला फौजदारी प्रक्रिया संहितेची एक वर्षाची मुदत लागू नाही असे म्हटले असल्याने तो टिकला नाही.

मागण्यांचा मसुदा

या प्रकरणाचा खरा गाभा मला मागण्यांच्या मसुद्यात दिसतो. पहिल्या कच्च्या मसुद्यात संरक्षणाची मागणी एका ओळीची होती : ‘सामनेवाल्यांना अर्जदारावर कौटुंबिक हिंसाचार करण्यास मनाई व्हावी.’ कायद्याच्या भाषेत ती बरोबर आहे. पण असा आदेश घेऊन बाई पोलीस ठाण्यात गेली की समोरचा अंमलदार विचारतो, ‘त्यांनी नेमकं केलं काय?’ रात्री मेन स्विच बंद केला, हे उत्तर त्याला हिंसाचार वाटत नाही. अंगणातल्या नळाला कुलूप लावले, शाळेच्या फाटकाशी उभा राहिला, या गोष्टीही वाटत नाहीत. आदेश मोडला की नाही याचा निर्णय मग हवालदाराच्या घरगुती समजुतीवर जातो, आणि ती समजूत बहुधा सासरच्या बाजूची असते.

म्हणून अर्जदाराला तिचा एक पूर्ण दिवस सांगायला लावला. पहाटे पाणी कुठून भरते, मुलीला शाळेत कोण सोडते, विट्याला यंत्रमाग कारखान्यात कांड्या भरण्याच्या कामाला ती कोणत्या एसटीने जाते, परत येताना अंधार कुठे असतो, रात्री कोणते दार आतून लागते आणि कोणते लागत नाही. त्या कथनातून मागण्या उतरल्या. मागच्या दोन खोल्यांत आणि त्यांच्या दारासमोरच्या पडवीत चारही सामनेवाल्यांनी प्रवेश करू नये. पुढच्या घरातल्या मीटरवरून या खोल्यांना जाणारी वीज कोणत्याही कारणाने तोडू नये आणि अंगणातला नळ वापरण्यास अडथळा करू नये. नवऱ्याने आणि दिराने मुलीच्या शाळेच्या, कारखान्याच्या आणि गावच्या एसटी थांब्याच्या आवारात तिच्याजवळ येऊ नये. फोन, व्हॉट्सॲप किंवा नातेवाईक यांच्यामार्फत तिच्याशी संपर्क साधू नये. कलम १८ मध्ये कामाची जागा, मुलाची शाळा, कोणत्याही प्रकारचा संपर्क आणि आश्रितांवरची हिंसा हे सगळे आधीच नमूद आहे, शिवाय ‘आदेशात नमूद केलेले इतर कोणतेही कृत्य’ असा मोकळा खंडही आहे. मेन स्विच त्या मोकळ्या खंडात बसला.

निवासाच्या मागणीवर बराच विचार झाला. विट्यात खोली भाड्याने घेऊन भाडे नवऱ्याकडून मागणे कलम १९ खाली शक्य होते आणि माहेरच्यांना तेच सुरक्षित वाटत होते. अर्जदाराने मात्र गावातल्या खोल्यांतच राहायचे ठरवले, कारण मुलीची शाळा तिथे होती आणि एकदा बाहेर पडले की परतीचे दार बंद होईल हे तिला कळत होते. निर्णय तिचा होता. त्याला जोडून सुरक्षिततेचा आराखडा तयार केला : शेजारच्या घरातील एका वयस्क बाईंकडे दुसरी किल्ली, मुलीला तोंडपाठ करून घेतलेले दोन फोन नंबर, आणि आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले व बँक पासबुक यांच्या प्रती भावाकडे. नियमांतील नमुना ५ यासाठीच आहे. अनेक अर्जांना तो कोराच जोडलेला आढळतो.

स्त्रीधनाच्या मागणीत अडचण अशी की, गाळलेल्या सोन्याला ओळख उरत नाही. नवऱ्याचा धंदाच तो असल्याने ‘दागिने दाखवा’ या आव्हानाला काही उत्तर नव्हते. त्यामुळे दागिने होते हे सिद्ध करण्यावर भर दिला : लग्नाची यादी, लग्नातले आणि बारशातले फोटो, तासगावच्या सराफाच्या जुन्या पावत्या. यादीत हुंड्याचा उल्लेख होता आणि आपल्यावरच गुन्हा होईल म्हणून भाऊ ती द्यायला कचरत होता. हुंडा प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ७ मधील पोटकलम ३ प्रमाणे पीडित व्यक्तीने दिलेल्या कथनामुळे तिच्यावर खटला होत नाही, हे वकिलांनी त्याला समजावून सांगितले, तेव्हा यादी बाहेर आली.

तमिळनाडूतल्या दवाखान्याचा कागद लपवावा असे एकाने सुचवले होते. तो अर्जालाच जोडला, आणि शपथपत्रात लिहिले की त्या रात्री डॉक्टरांशी कोण बोलले, कोणत्या भाषेत बोलले आणि अर्जदाराला काही विचारले गेले होते का. सामनेवाल्यांनी तो कागद पुढे हजर केला तेव्हा त्यात न्यायालयासाठी नवे असे काही राहिले नव्हते.

अंतरिम आदेश आणि बजावणी

अर्ज मिळाल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी असे कलम १२ म्हणते, आणि या प्रकरणात ती तशी मिळाली. कलम २३ खालील शपथपत्र, ग्रामीण रुग्णालयाचा दाखला, अदखलपात्र नोंद आणि बैठकीचा कागद पाहून न्यायालयाने संरक्षण आणि दोन खोल्यांतील निवास यांपुरता एकतर्फी अंतरिम आदेश दिला. पोटगीचा भाग सामनेवाल्यांचे म्हणणे येईपर्यंत राखून ठेवला. कलम १९ मधील तरतुदीप्रमाणे संबंधित पोलीस ठाण्याने आदेशाच्या अंमलबजावणीस मदत करावी असे आदेशातच लिहून घेतले होते. ही ओळ मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. आदेशाची प्रत अर्जदाराला आणि पोलीस ठाण्याला मोफत मिळते.

सासू, सासरे आणि दीर यांना नोटीस दोन दिवसांत बजावली गेली. नवऱ्याची नोटीस ‘दुकान बंद’ या शेऱ्याने परत आली. पाहिले तर पाकिटावरचा पत्ता मराठीत होता, आणि दुकान क्रमांक व पिनकोडही नव्हता. दुसऱ्यांदा पत्ता इंग्रजीत, गल्ली, क्रमांक आणि पिनकोडसह लिहिला, सोबत तिथल्या पोलीस ठाण्यामार्फतही नोटीस पाठवली, आणि ती बजावली गेली. परराज्यात गेलेल्या गलाईवाल्यांच्या प्रकरणांत महिन्यांचा विलंब पाकिटावरच्या दोन ओळींनी होतो, म्हणून हा किरकोळ वाटणारा तपशील मी मुद्दाम नोंदवतो.

सामनेवाल्यांचे म्हणणे

हजर झाल्यावर त्यांनी तीन गोष्टी केल्या. सासऱ्यांनी वर्तमानपत्रात ‘थोरल्या मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही’ अशी जाहीर नोटीस दिली. त्यांच्या नावावरची घरमिळकत धाकट्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यासाठी गेलेल्या भावाला कळले. आणि नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, अर्जदाराने नांदायला यावे म्हणून, दावा लावला.

घर सासऱ्यांचे आहे, त्यात नवऱ्याचा वाटा नाही, म्हणून ते सामाईक घर नव्हे, हा युक्तिवाद बत्रा विरुद्ध बत्रा या २००६ च्या निकालावर आधारलेला होता. सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. घर नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी अर्जदार तिथे कौटुंबिक नात्याने राहत असेल तर ते सामाईक घर होऊ शकते. मात्र हे राहणे काही स्थैर्याचे असावे लागते, चार दिवसांचा पाहुणचार पुरत नाही. म्हणून मुलीचा गावच्या शाळेतील प्रवेश, रेशन कार्डावरील नाव आणि अंगणवाडीतील मुलाची नोंद हे कागद दाखल केले. बक्षीसपत्राची कुणकुण लागल्यावर मूळ अर्जात दुरुस्ती करून घरमिळकतीच्या हस्तांतरणास मनाई मागितली. अर्ज फौजदारी न्यायालयात असल्याने दुरुस्ती होत नाही, हा आक्षेप कुनापरेड्डी प्रकरणातील २०१६ च्या निकालाने निकाली निघाला. या कार्यवाहीचे स्वरूप दिवाणी आहे आणि दुरुस्तीस परवानगी देता येते.

नांदण्याच्या दाव्याने संरक्षणाचा अर्ज थांबत नाही, एवढेच त्याबाबत म्हणता येईल.

पोटगीच्या टप्प्यावर नवऱ्याने आपण दुसऱ्याच्या दुकानात महिना १०,००० रुपयांवर नोकर आहोत असे सांगितले. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानुसार दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वांचे शपथपत्र द्यावे लागते. त्याच्या शपथपत्रात जीएसटी नोंदणीचा रकाना कोरा होता. दुकानाच्या पावतीवरचा क्रमांक सार्वजनिक पोर्टलवर टाकला असता नोंदणी त्याच्याच नावाची निघाली. न्यायालयाने अर्जदाराला ५,००० आणि प्रत्येक मुलाला ३,००० रुपये दरमहा अंतरिम खर्च, अर्जाच्या तारखेपासून, मंजूर केला.

आदेशाचा भंग

चैत्रातल्या यात्रेला नवरा गावी आला. दिराने दुपारी मेन स्विच बंद केला, आणि संध्याकाळी एसटी थांब्यावर नवऱ्याने तिला अडवून ‘केस मागे घे’ म्हणून धमकावले. ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा पहिले उत्तर ‘कोर्टाचा आदेश आहे तर कोर्टात जा’ असेच मिळाले. परंतु तिच्याकडे प्रमाणित प्रत होती, त्यात मीटर, वीज आणि एसटी थांबा हे शब्द होते, आणि पोलीस ठाण्याने मदत करावी ही ओळही होती. संरक्षण अधिकाऱ्यांना फोन झाला, त्यांनी ठाण्यात येऊन कलम ३१ आणि ३२ दाखवले : संरक्षण आदेशाचा, अंतरिम असला तरी, भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्या रात्री दोघांवर गुन्हा नोंदला गेला. दुसऱ्या दिवशी न्यायालयाने अटींवर जामीन दिला, आणि तेव्हापासून वीज बंद झालेली नाही.

भंगाची तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत, थेट पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, अशी तिन्ही मार्गांनी करता येते. एका दारावर नकार मिळाला की बाई घरी परतते, आणि सासरच्यांना आदेश पोकळ असल्याचा बोध होतो. तो पहिला नकार ओलांडण्यासाठी बरोबर माणूस असावा लागतो, याची तजवीज अर्ज करतानाच व्हायला हवी. संरक्षण अधिकारी आले नसते तर या प्रकरणाचा पुढचा भाग वेगळा लिहावा लागला असता.

निकालानंतर

पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो. या प्रकरणात अंतिम आदेशाला वर्षाहून अधिक काळ लागला. साक्षी, उलटतपास, वकिलांच्या गैरहजेरीच्या तारखा यांत तो गेला, आणि त्या काळात अर्जदाराला तारले ते अंतरिम आदेशाने. अंतिम आदेशात संरक्षण आणि निवास कायम झाले, घरमिळकतीच्या हस्तांतरणास मनाई झाली, आणि कलम २२ खाली मानसिक यातनांसाठी भरपाई मिळाली. दागिन्यांपैकी ज्यांच्या पावत्या होत्या तेवढ्यांच्या किमतीचाच आदेश झाला; फोटोत दिसणारे पण पावती नसलेले गंठण नाकारले गेले. नवऱ्याने ३० दिवसांच्या मुदतीत सत्र न्यायालयात अपील केले आहे, मात्र त्यात स्थगिती मिळालेली नाही, आणि थकीत खर्चाच्या वसुलीची दरखास्त स्वतंत्र चालू आहे.

दरम्यान मुलगी माध्यमिक शाळेसाठी विट्याला जाऊ लागली आणि अर्जदारानेही दुसऱ्या कारखान्यात काम धरले. जुन्या आदेशात जुनी शाळा आणि जुना कारखाना होता. परिस्थिती बदलल्यास आदेशात बदल मागण्याची तरतूद कलम २५ मध्ये आहे. तिच्या वकिलांनी नव्या शाळेचे व कारखान्याचे नाव आणि विटा बसस्थानक ही तीन ठिकाणे घालण्यासाठी अर्ज दिला, तो मंजूर झाला, आणि सुधारित आदेशाची प्रत या वेळी गावच्या हद्दीतल्या ठाण्याबरोबर विटा पोलीस ठाण्यातही देऊन तिची पोच घेतली आहे.